तापातली गोळी

१० जाने., शुक्र.
वर्तकनगर क्लिनिक. सकाळपासून मुलांची उंची वाढवून मागणारेच. एका बुटक्या बाबांना मुलगा सहा फुटी हवाय. म्हटलं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाबा हसले, पण रुसून.
दुपारी शहाडची ओवी. वय सहा. किडनीवरच्या ग्रंथी काम करत नाहीत, गोळ्यांवर जगते, दिवसातून तीन वेळा. दोन वर्षांत एकही चुकलेली नाही. तापाचा नियम पुन्हा बजावला: ताप आला की डोस तिप्पट. आई-बाबांनी माना डोलावल्या. आजी नेहमीसारख्या बाहेर, चपलांपाशी. आत खुर्च्या दोनच.

२२ जाने., बुध.
ओवी कल्याणला ॲडमिट. ताप, उलट्या, बीपी लागेना. इंजेक्शन, सलाईन. मी पोचेपर्यंत डोळे उघडलेले.
दोन दिवस गोळीच नाही! आई म्हणते, "मला वाटलं, देतायत."
आजी भिंत धरून उभ्या. "एवढ्या तापात उष्ण गोळी कशी द्यायची, डॉक्टर? उतरला की देणारच होते."
म्हणजे गोळ्या आजी देतात. मी कधी विचारलंच नाही. आईवर मात्र ओरडले. आता लाज वाटतेय.

२५ जाने., शनि.
डिस्चार्ज. तिथून सगळे माझ्या क्लिनिकवर. आजींना आत बोलावून माझ्या खुर्चीत बसवलं, मी उभी. तापात शरीर हेच औषध जास्त मागतं, ओवीचं शरीर ते बनवू शकत नाही, वगैरे. शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "कळलं. पण मी आता हात लावणार नाही. पोर गेली असती माझ्या हातून."
आई: "अहो आई, मग दुपारची कोण देणार?"
आजींइतकी शिस्तीची बाई आणायची कुठून? तूर्त आईची रजा.

११ फेब्रु., मंगळ.
आईची रजा काल संपली. दुपारची गोळी देऊन जायला शेजारीण तयार झालीये, असं कळलेलं.
दु. २. आजींचा फोन. "एकशे दोन आहे. शेजारीण आली नाही, ही दोघं फोन उचलत नाहीयेत. किती देऊ?"
"तुम्हीच सांगा."
डबी उघडल्याचा आवाज. मग, "एकाच्या तीन."
"द्या."
"फोन ठेवू नका हं."
नाही ठेवलेला. कानाला लावूनच लिहितेय. समोरचे पेशंट घड्याळ बघतायत, बघू देत. पलीकडे, "ओवी, आ कर गं बाळा." पेल्याचा आवाज. खोकला.
"दोन गिळल्या," आजी म्हणतायत. "तिसरी तोंडात आहे."