पहिला आकडा

पुसद,
मंगळवार, ८ जुलै २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. सुनीतीचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण देवळात पायीच जायचा तिचा हट्ट काही सुटत नाही. शाळेत आठवीची एक तुकडी वाढली आणि संगणक मात्र तेच सोळा, त्यातले चार रुसलेले. तुझ्या वर्गातला सोनू परवा भेटला. वणीला खाणीच्या कार्यालयात लागलाय, पोट सुटलंय. तुझी चौकशी करत होता. मी म्हणालो, मजेत आहे. तू मजेत नाहीस हे मला माहीत होतं.

ई-मेल चार वेळा लिहिला आणि चारही वेळा पुसला. तिथे पुसणं फार सोपं जातं, म्हणून कागद घेतला.

‘तासिका’चं काम सोडतेस असं तू कळवलंस. शाळांची वेळापत्रकं हातानं आखून जीव विटला होता, म्हणून तेरा वर्षांपूर्वी ते सॉफ्टवेअर मी लिहायला घेतलं आणि फुकट वाटलं. आज दोनशेच्या वर शाळा ते वापरतात. या तेरा वर्षांतली शेवटची तीन तुझीही आहेत. तुझ्या निरोपात एक वाक्य आहे, ‘सर, माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला.’ ते वाचून मी चहा प्यायलो आणि वर्गावर गेलो.

आवृत्तीचा आकडा कसा ठरवायचा हे तुला मीच शिकवलं. तू दहावीत होतीस, मी फळ्यावर २.१.३ लिहिलं होतं. शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, ती डोळे मिटून घ्या. मधला वाढला तर काहीतरी नवीन आलंय, जुनं शाबूत आहे. आणि पहिला बदलला तर सावध व्हा, जुन्याचं नव्याशी जमेलच असं नाही, आधी बॅकअप घ्या. हाच कागद छापून मी सगळ्या मुख्याध्यापकांना वाटला होता. शाळांचे बाबू बाकी काही वाचत नाहीत, पण हा नियम पाळतात. सॉफ्टवेअरही पाळतं. पहिला आकडा बदललेला दिसला की ते आपणहून जुन्या फाइलींची नक्कल बाजूला ठेवतं. तो भागही माझाच.

आणखी एक नियम मीच केला होता. ज्याच्या कामानं पहिला आकडा बदलेल, त्याचं नाव उघडताक्षणी पडद्यावर. तेव्हा मी एकटाच होतो, त्यामुळे उदार व्हायला माझं काय जात होतं! १.० ला माझं नाव. २.० ला माझंच, शिवाय मुख्याध्यापक संघाची शाल आणि नारळ. ती शाल सुनीतीनं अजून घडी मोडू दिलेली नाही.

मग तू ते दोन शाळांचं कोडं सोडवलंस. एकच शिक्षक सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसरीत, तर दोन्ही वेळापत्रकं एकमेकांशी कशी जुळवायची? मी त्यावर सहा वर्षं डोकं आपटलं. तू फाइल साठवायची पद्धतच मुळापासून बदललीस आणि पाच महिन्यांत मोकळी झालीस.

मी जळलो, निकिता. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला. एक अख्खा रविवार मी तुझा कोड चाळत बसलो, कुठे चूक सापडते का म्हणून. एका सूचनेत एक काना राहिलेला सापडला आणि मला आनंद झाला. काना राहिल्याचा! त्यात आमचे किसनसिंग सर सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, “नरहरराव, तुमची चेली तं तुमच्याही पुढं निघून गेली!” सगळे हसले, मीही हसलो. ती माझीच विद्यार्थिनी आहे, असं मी त्या दिवशी निदान पाच जणांना सांगितलं असेल. कौतुकानं सांगतोय असं त्यांना वाटलं.

जूनमध्ये आवृत्ती सोडायची वेळ आली. तुझा फोन आठवतो? “सर, हे तं ३.० पाहिजे ना? जुनी फाइल उघडली का बदलूनच जाते.” मी म्हणालो, मोठा आकडा पाहून शाळा घाबरतात, २.६.४ ठेवू. तू म्हणालीस, “ठीक आहे सर, तुमाले जास्त समजते.”

शाळा घाबरतात हे खोटं होतं. पहिल्या पडद्यावर तुझं नाव आलेलं मला पाहवलं नसतं, हे खरं होतं. बॅकअपचं तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही असं लिहिणार होतो. आलं होतं. एखाददुसऱ्या शाळेचं होईल काहीतरी, निस्तरू, असं म्हणून मी बटण दाबलं.

पुढचं तू भोगतेच आहेस. किरकोळ दुरुस्ती समजून सदतीस शाळांनी ती डोळे मिटून घेतली. नक्कल कुठेच ठेवली गेली नाही, फाइली बदलल्या आणि दोन सत्रांच्या शाळांचा पार विचका झाला. एका शाळेत म्हणे एकाच वर्गावर तीन शिक्षक आणि शेजारचे दोन वर्ग रिकामे. मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, त्या नवख्या पोरीनं घोळ घातला. त्याखाली मी काय लिहिलं? ‘पुढे काळजी घेऊ.’ एवढ्या तीन शब्दांत मी तुला त्यांच्या हवाली केलं. बदलांच्या जाहीर नोंदीत तुझं नाव होतंच, आकडा कुणी ठरवला ते तिथे लिहायची पद्धत नाही.

तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं. खरं ते सांगतो.

काल संध्याकाळी तुझे बाबा, मारोतराव, आले. ढाणकीहून बसनं. बसा म्हटलं तरी बसेनात. दारातच हात जोडून म्हणाले, “सर, पोरीच्यानं चूक झाली. माफ करा तिले. दोन दिवस झाले, धड जेवून नाही राह्यली. नागपूरच्या कंपनीनं येत्या सोमवारी मुलाखतीले बोलावलं, त म्हन्ते, मी जात नाही. ते लोक हेच इचारतीन, मंग मी काय सांगू?” एवढं बोलून पुन्हा म्हणाले, “तुमी शिकवलं म्हून तं ते इथवर आली.”

मी त्यांना चहा दिला. मनावर घेऊ नका म्हणालो. बसस्टँडपर्यंत सोडायलाही गेलो. तुझे बाबा माझी माफी मागत होते आणि मी ती घेतली, निकिता. बस हलेपर्यंत मी पावसापाण्याचंच बोलत राहिलो.

घरी येऊन सुनीतीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग आता पंखा काय बघताय? लिहायला बसा.”

आज सकाळी दोन कामं केली. मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर आणि जाहीर नोंदीत लिहिलं, की २.६.४ हा आकडा चुकीचा होता, निकितानं ३.० सांगितलं होतं, तिला श्रेय मिळू नये म्हणून मी तो बदलला, आणि शाळांचं नुकसान त्यामुळे झालं. खाली माझं नाव. कंपनीवाल्यांनी विचारलं तर ती नोंद दाखव. दुसरं, आवृत्ती सोडायचा अधिकार तुझ्या खात्यावर केला आणि माझा काढून टाकला. ३.० तयार आहे. बटण तू दाब किंवा दाबू नकोस. पुन्हा माझ्या हातात राहिलं तर मी पुन्हा काहीतरी दाबून ठेवीन, माझा भरवसा नाही. ती नोंद लिहितानाही तुझ्या नावापाशी हात अडखळला. ही जळजळ एका दिवसात जाणार नाही, तेव्हा मी सुधारलो असं समजू नकोस.

सोमवारी नागपूरला जा. मी सांगतो म्हणून नव्हे. तुझं काम बरोबर होतं म्हणून जा.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या बसनं ढाणकीला मीच घेऊन येतोय. तुझ्या हातात देईन आणि आत जाऊन वाच म्हणेन. वाचत तू या ओळीपर्यंत पोचशील, तोवर ओसरीवर तुझ्या बाबांना मी हे सगळं तोंडानं सांगितलेलं असेल. ते मोठ्यानं बोलताना ऐकू आले तर बाहेर येऊ नकोस. मला सोडवू नकोस. त्यांना पुरतं बोलून घेऊ दे.

तुमच्या ओसरीवर बसलेला,
नरहर