विंच, दोन बॅटऱ्या आणि नानांचं वावर

८ जून
जळगावहून जीपच्या सामानाच्या दुकानवाल्या पारसशेठचा फोन. "वहिनी, सतीशनं सांगून ठेवलेला विंच आलाय दुकानात. ठेवू का परत पाठवू?" विचार करून सांगते म्हटलं.
विंच म्हणजे जीपच्या पुढच्या बंपरवर मोटर, तिला गुंडाळलेला दोर. दोर झाडाला बांधायचा, बटण दाबायचं, चिखलात फसलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. सतीश वर्षभर याच्याबद्दल बोलत होता. मी पोळ्या लाटताना हं हं करायचे.
तो जाऊन दोन महिने होत आले. रडू येत नाही. भूक लागते, झोप लागते, कॉलेजच्या ऑफिसात बिलं पास होतात. जीप अंगणात निंबाखाली उभी, तिच्यावर निंबोळ्यांचा सडा.

११ जून
नानांशी बोलले. सासरे. पाचोऱ्याच्या अलीकडे मळ्यात एकटे राहतात. काळी माती, पाऊस लागला की रस्ता बंद. पावसाळाभर दर रविवारी स. जीपनं जायचा, बी.पी.च्या गोळ्या, किराणा, चार गप्पा. आता तो नाही आणि पाऊस तोंडावर.
"नाना, चार महिने इकडे धुळ्याला, देवपूरला चला."
"मी कोठेच नही जास."
"मग मी कशी येऊ चिखलात?"
"नको येऊ. गोळ्या नही खाद्या तर काय लगेच मरस का मी?"
तो शब्द तोंडातून गेला तो गेलाच. मग म्हणाले, "ठेवस फोन."
म्हणजे दोनच गोष्टी. एक तर नानांना इकडे आणायचं आणि वावर कुणाला तरी कसायला द्यायचं. नाहीतर भर पावसात मला त्या रस्त्यानं जाता आलं पाहिजे. जीप मी बरी चालवते, पण फसलेली कधी काढलेली नाही. ते काम त्याचं.
पारसशेठला मेसेज: ठेवा.

१४ जून, शनि.
जळगावला गेले. दुकानात शिरल्याबरोबर पारसशेठनं खुर्ची पुसली, चहा मागवला आणि माझ्याकडे तसं बघितलं, हल्ली सगळे बघतात तसं. मला ती नजर नको होती. मला माहिती हवी होती.
दोर दोन प्रकारचे. तारेचा आणि सिंथेटिक. तारेचा दणकट, घासला तरी टिकतो, पण तुटला तर समोरच्या माणसाला कापत जातो, म्हणून ओढताना वर ओलं गोणपाट टाकायचं. सिंथेटिक हलका. दगडावर घासू द्यायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. दोन्ही उचलून पाहिले. सिंथेटिक घेतला. चिखलात एकटीला ओढत न्यायचाय, एवढा एकच निकष.
मग बॅटरी, विंच तिच्यावर चालतो. मी म्हटलं, घरी इन्व्हर्टरची आहे, चांगली मोठी, तीच टाकू या. पारसशेठ हसला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदा नेहमीसारखा. "वहिनी, ती रात्रभर पंखा चालवते, थोडं थोडं देत. विंचला सगळं एकदम लागतं. आणि खड्ड्यात आपटून तिचं पाणी सांडेल, ते वेगळं."
बरं वाटलं कुणी हसल्यावर.

१५ जून
एक बॅटरी की दोन?
एकीवर भागतं असं पारसशेठ म्हणतो. इंजिन चालू ठेवायचं, थांबत थांबत ओढायचं. पण मध्येच इंजिन बंद पडलं आणि बॅटरी संपलेली असली तर बसा तिथेच. दोन असल्या तर मध्ये एक स्विच बसतो. पहिली फक्त इंजिन सुरू करायला राखीव, दुसरी ओढायला. ओढणारी पार संपली तरी घरी येता येतं.
हे वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं. का, ते कळतंय. त्यात शिरायचं नाही.
दोन. पाणी घालावं न लागणाऱ्या, सीलबंद. दुसरी मागच्या सीटखाली, जिथे स. चा थर्मास असायचा. थर्मास काढला. धुऊन फडताळात ठेवला.

२१ जून
विंच बसवून आणला. अंगणातल्या निंबावर प्रयोग. पारसशेठ मुद्दाम धुळ्याला आला. हातमोजे घालायचे. झाडाला दोर थेट नाही, रुंद पट्टा बांधायचा, साल कापली जात नाही. दोर ताणलेला असताना कुणीही ओलांडायचा नाही. मोटर गरम झाली की थांबायचं.
"आणि झाडच नसलं तर?"
"स्टेपनी पुरायची जमिनीत. पण वहिनी, झाड कुठंही मिळतंच."
त्यानं नानांचा रस्ता पाहिलेला नाही.

२३ जून
त्या रस्त्याला झाड नाही हे खरं नाही. एक आहे.
स. ची रक्षा नदीत सोडली नाही. भाऊबंद रामकुंडावर जायचं म्हणत होते. नाना म्हणाले, "नदीले कसाले? वावरले देऊ." आमच्याकडे आता बरेच जण असं करतात. बांधावर, वळणाला लागून, नानांनी स्वतः खड्डा खणला, स्वतः माती लोटली, वर जांभळाचं रोप लावलं. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. हात दुखत होता एवढंच आठवतं.
रोप माझ्या गुडघ्याएवढं.

२८ जून, शनि.
गुरुवारपासून पाऊस. आज उघडीप, निघाले. पारोळा, भडगाव, डांबर संपेपर्यंत ठीक. मळ्याच्या रस्त्याला फोर-व्हील टाकलं. अर्ध्याच्या पुढे गेले. वळणाच्या अलीकडे मागची चाकं गरगरली, गाडी बुडावर बसली.
गंमत म्हणजे घाबरले नाही. हातमोजे घातले.
नाना घराकडून चालत आले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर. गाडीभोवती फिरले. बंपरकडे बोट, हे काय आणलंस म्हणून. "हाई काय लई उनी?"
"तुमच्या पोराचं आहे. त्यानंच ठरवलेलं."
त्यांनी बंपरवरचा चिखल हातानं पुसला. पण दोर बांधायचा कुठे? डावीकडे पुढे, तिरप्या दिशेला, शेजाऱ्याच्या केळी. नाना म्हणाले, "केळीस्ले बांधी देख." मलाही पटलं. तीन खांबांना एकत्र पट्टा घातला, तिघी मिळून धरतील म्हणून. बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. तिन्ही केळी शांतपणे मुळासकट आडव्या झाल्या, एक घडासकट. आम्ही बघत राहिलो.
"मी कापूसवाला शे," नाना म्हणाले, "केळीनं माले काय म्हाईत?"
मी हसले. खरोखर. स. गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि लगेच चोरी केल्यासारखं वाटलं. मग नानाही हसले, तेव्हा ते गेलं. शेजाऱ्याला काय सांगायचं ते नंतर.
चिखलानं भरलेला पट्टा हातात घेऊन उभी राहिले. समोर, अगदी सरळ रेषेत, जांभूळ. त्याला काही बांधणार नव्हतेच, ते वाकून तुटलं असतं. पण नजर गेली. नानांचीही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
"स्टेपनी पुरायची," मी म्हटलं. "खड्डा खणून."
नाना घरी जाऊन कुदळ, फावडं, पहार घेऊन आले. जांभळाच्या अलीकडे बांधावर खणायला लागलो. माती फावड्याला चिकटते, सुटत नाही, प्रत्येक वेळी हातानं ओरबाडून काढायची. त्यांनी खणायचं, मी उपसायची. मांडीएवढा खोल झाला. स्टेपनी उभी उतरवली, मधल्या भोकातून पट्टा घालून मागे पहार अडकवली. नानांनी हातानं माती लोटली. मग थापटली. तळव्यानं, हळू, तेव्हा थापटली होती तशीच.
थापटता थापटता थांबले. रडत होते. आवाज न करता, चिखलाचे हात बाजूला धरून, तोंडही पुसता येईना.
मला बटण सांभाळायचं होतं, म्हणून मी रडले नाही. निदान तसं म्हणते. ओढणीनं त्यांचं तोंड पुसलं. सासऱ्याचं तोंड पुसायची ही माझी पहिलीच वेळ.
ओढलं. थांबत, ओढत, थांबत. मध्येच क्लचवरचा पाय घसरून इंजिन बंद पडलं. दुसरी बॅटरी अजून ओढत होती, पहिली राखीव. चावी फिरवली, सुरू झालं. गाडी वर आली. स्टेपनी हलली नव्हती.
ती पुन्हा उकरून काढली. मी पायानं माती खड्ड्यात लोटायला लागले. नानांनी फावडं आडवं धरलं.
"खड्डा बुजाडू नको. परत उनी म्हंजे लागी." पुन्हा आले की लागेल, म्हणून.
गोळ्या दिल्या. भाकरी-ठेचा खाल्ला. देवपूरला चला असं आज म्हटलं नाही.

२९ जून
अंग ठणकतंय. दोर बादलीत धुऊन सावलीत वाळत घातला. चिखल नखांत तसाच आहे. आंघोळीत पुष्कळ वेळ रडले. बाहेर येऊन चहा केला, आणि चव लागली.

४ जुलै
आठवडाभर संततधार. नानांचा फोन, आपणहून. कधी करत नाहीत. आधी केळीवाल्याचं सांगितलं, घड नानांनीच पिकत घातलाय. मग,
"खड्डामा पानी भरनं."
"मग बुजवा."
"नही. तठे निंब लावसू. तुनी गाडी बांधाले."
आणि पुढे, "निंबले गाडी ओढासारखं व्हवाले कितला वरीस लागतीन?"
ऐंशीच्या घरातला माणूस. काय सांगायचं? खरं सांगितलं. सात-आठ तरी.
पलीकडे पावसाचा आवाज.
"बरं," म्हणाले. "मंग रोप लवकर लई ये."
अंगणातल्या निंबाखाली रोपं उगवलीत, त्यातलं एक डब्यात काढलं. दोन्ही बॅटऱ्या चार्ज आहेत. पाऊस थांबलेला नाही.