ताण्याची पलीकडची बाजू

३ नोव्हेंबर १९३७, वडगाव
आज पांजणी, ताण्याला खळ द्यायचं काम, एकट्यानं केली. पटांगणात उभ्या धाग्यांचा ताणा पसरला, अलीकडून खळीचा कुंचा मारत टोकाला गेलो, पलीकडून मारत परत आलो. तोवर अलीकडची खळ वाळून कडक. बरेच धागे तुटले. दोन माणसांचं काम हे. पलीकडून माझी बायको गंगू चालायची, माझ्या पावलाला पाऊल. तिला जाऊन तीन महिने झाले. रडू येत नाही. लोक तोंडाकडे बघतात, आता तरी रडतो का म्हणून. कुंचा धुऊन ठेवला.

५ नोव्हेंबर
पटांगणाच्या मालकांचं पत्र. निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी, भला माणूस. जागा त्यांच्या आजोबांची. आम्ही विणकर इतकी वर्षं तिथं ताणे पसरतो, कधी हटकलं नाही. आता तिथं चाळ बांधायची म्हणतात. दोन मजली, अठ्ठेचाळीस खोल्या, खाली नळ. गल्लीची हरकत असेल तर बांधणार नाहीत. होकार किंवा नकार, काय ते लेखी द्या. गल्लीला वाचून दाखवायला मीच. चौथी शिकल्याची शिक्षा.

९ नोव्हेंबर
मारुतीच्या देवळात बैठक. शेजारचा बाळाण्णा आधी उठला. "ताणा काय चुलीपाशी पसरायचा व्हय? पटांगण गेलं की माग गेला."
मग मागच्या बोळातली रखमाक्का. "तुमचा ताणा लई लांब हाय, अण्णा. माझी सात माणसं एका खणात निजत्यात. पोरगी बाळंतपणाला आली, तिला आडोसा न्हाय. तिला कुठं पसरू?"
बाळाण्णानं पान काढलं.
मग सगळे माझ्याकडे. गल्लीत वयानं मोठा मी, कुठल्याही कागदावर पहिलं नाव माझं, मग बाकीचे. मी म्हटलं, बघू. माझा नारू मागं, चाळ हवी म्हणणाऱ्यांत बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

१० नोव्हेंबर
भाकरी खाताना नारू बोलला. "आप्पा, होकाराला नाव घाल. आपल्याला दोन खोल्या मिळत्यात. पारू अशी अवघडलेली." पारू माझी सून, सातवा महिना. घर एका खणाचं, अर्धं मागानं खाल्लेलं. पाणी लांबच्या आडावरून. नारूला विजेच्या मागावर जायचंय. "तितं ताणा तयार येतोय. खळ न्हाय, कुंचा न्हाय."
राग यायला हवा होता, आला नाही.
उठता उठता म्हणाला, "आईबी हेच म्हणत हुती. एक खोली तरी निराळी पायजे."
मला कधी बोलली नाही. तीस वर्षं समोरासमोर चाललो.

११ नोव्हेंबर
काही नाही. विणलं.

१७ नोव्हेंबर
मालकांनी मोजणीदार पाठवला. नुसतं माप घेतो म्हणाला. त्याची साखळी मधे झोळ खात होती. बाळाण्णा, चाळीला सगळ्यांत मोठ्यानं विरोध करणारा, त्याच्यानं ते बघवेना. "ढिली हाय, वढा की रं." स्वतःच टोक धरून ओढली. मग आणखी तिघं धावले. विणकराला ढिली दोरी दिसली की हात शिवशिवतात. मोजणीदारानं कोपरा विचारला, मी दाखवला. आमचा ताणा जिथं संपतो तो दगड. तिथं त्यानं खुंटी ठोकली, चारी कोपऱ्यांना चार.
तो गेल्यावर बाळाण्णाच्या ध्यानात आलं. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला की." सगळे हसले. मीही हसलो, गंगू गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग पुन्हा आपलं तसंच.

२२ नोव्हेंबर
दोन्ही बाजूंना लिहिणारा दुसरा कोणी नाही. होकार मीच लिहिला, नकारही मीच. अक्षर दोन्हींवर एकच, वळणदार. पहिल्या नावाची जागा दोन्हींवर मोकळी. पत्र्याच्या पेटीत ठेवले, गंगूच्या लुगड्याखाली.
बाळाण्णा दारावरून दोनदा गेला. आत आला नाही.

२४ नोव्हेंबर
रखमाक्काच्या पोरीला मुलगी झाली. माणसं सगळी बाहेर बोळात उभी. मीही थोडा वेळ उभा राहिलो.

३० नोव्हेंबर
सकाळी पांजणी. एकटाच निघालो. निम्म्यावर मान वर केली तर पलीकडे पारू, हातात गंगूचा कुंचा. म्हटलं, घरी जा, अशा दिवसांत हे नको.
"चाला मामा, खळ वाळतीया."
तिचं पाऊल आखूड पडतं. मी माझं आखूड केलं. टोकाची आमची खुंटी हलत होती, म्हणून दोर मोजणीदाराच्या खुंटीला बांधला. ती पक्की ठोकलेली. एक धागा तुटला नाही.
ती दगडावर टेकली, कमरेवर हात. म्हणाली, "नळ खरंच येणार व्हय, मामा?"
"तसं लिहिलंय."
कुंचा धुऊन माझ्या हातात दिला.
गंगूही तिथंच टेकायची. तिला एकदा तरी विचारायला हवं होतं, तुला काय पाहिजे. मी ताण्याकडे बघत राहिलो. वाईट वाटलं. आज पहिल्यांदा नीट वाईट वाटलं.
उद्या सकाळी मालकांचा माणूस कागद न्यायला येणार. दोन्ही पुढ्यात घेऊन बसलोय, दौत उघडी आहे. पारूला विचारावं म्हणून हाक मारली.
ती आडावर पाण्याला गेलीय. येईपर्यंत थांबतो.