बापूंची पिवळी रेघ

सोमवार, ३

बायो, गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला उतरला का? भाची बाळंतपणातून सावरली असेल, बाळ अंग धरतंय ना? आणि आपल्या आत्याबाई? ऐकू येत नाही म्हणतात, पण स्वतःचं नाव निघालं की बरोबर ऐकू येतं, त्यांनाही विचारलंय म्हणून सांग. रोज थोडं थोडं लिहून ही वही भरली की तुला धाडणार आहे.

तुझा भाऊ ठणठणीत. या वयात नोकरी लागली म्हणजे म्हाताऱ्याला नवे दात फुटल्यासारखंच. गॅरेज बसगाड्यांचं, उंच पत्र्याखाली बसच्या पोटाखाली उतरायला दोन खड्डे, भिंतीवर पाने मापाने टांगलेले. मालकीणबाई करड्या, पण माणूस ओळखणाऱ्या. हातात बॅटरीवरचं रॅचेट दिलंय. बटण दाबलं की बोल्ट आपोआप फिरत जातो. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण यंत्राची मी अदब ठेवतो. गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसते ती वाटी, बदलायची तर आधी बॅटरी काढायची. बाहीची बटणं लावायची. बोल्टाचे पहिले दोन आटे बोटांनीच धरायचे. रॅचेटने नुसता आत न्यायचा, शेवटचा कस ताण मोजणाऱ्या टॉर्क पान्याने हाताने द्यायचा. अति तिथं माती, बोल्टाचीसुद्धा.

बोल्ट कसून झाला की त्यावर आणि बाजूच्या लोखंडावर मिळून रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट हलला तर रेघ तुटते. ज्याचा त्याचा रंग वेगळा. मला पांढरा मिळाला.

बुधवार, ५

माझ्या जागी आधी बापू होते. गेल्या वर्षी वारले. त्यांची रेघ पिवळी. वीस वर्षांत एकही तुटली नाही म्हणे. चहाला बापू, जेवणाला बापू. आज ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही चांगले आहात काका, पण बापूंची सर नाही. हसलो खरा. डबा मात्र अर्धाच बंद केला.

शुक्रवार, ७

मी काल कसलेले सहा बोल्ट. सहांवरही पिवळी रेघ. माझी पांढरी कुठेच नाही. कुणाची तरी थट्टा असणार. पुसून पुन्हा पांढरी ओढली.

सोमवार, १०

बाईंनी पुढच्या चाकाचे ब्रेक तपासले आणि म्हणाल्या, "अगदी बापूंचा हात."

मी म्हटलं, हात माझा आहे, बाई. त्यांनी विजेरीचा उजेड बोल्टावरच्या रेघेवर धरला. पिवळी. बापूंचा रंग तर त्यांच्याबरोबरच संपला, डबासुद्धा फेकून दिला, असं त्याच म्हणाल्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची तर मेल्यावरही जाईना. माझं काम, नाव त्याचं. बायो, तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवार, ११

हे तुला सांगू नये, पण सांगतो. सकाळी त्या ब्रेकच्या बोल्टांतला एक मी सैल केला. आधी लांब दांड्याने हाताने मोकळा केला, मग रॅचेट उलट दिशेला लावून चार आटे मागे. कामात चूक नाही केली, पाप केलं. चारला तपासणी होती. तुटलेली पिवळी रेघ बाईंच्या डोळ्यांना दिसावी, एवढंच मनात होतं.

अकरालाच तातडीची फेरी आली. चाळीस माणसं घेऊन तीच बस निघाली. मी दारात उभा होतो. एक हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर सैल कुणी केला ते सांगावं लागलं असतं. आत वळलो आणि पाने पुसत बसलो.

बस चारला परत आली. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक असे कधी लागले नव्हते. खड्ड्यात उतरून पाहिलं. बोल्ट पक्का. रेघ ओली.

गुरुवार, १३

दोन दिवस जेवण नाही. त्याच्या पाया पडायला हवं होतं मी. पण खरं लिहितो — चाळीस माणसं वाचली याचा आनंद झाला नाही. त्याने वाचवली, याचं पोटात दुखलं.

आज पुन्हा उतरलो. तोच बोल्ट. म्हटलं बघू किती वेळा घट्ट करतोस.

शुक्रवार, १४

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर समजून घे.

गोटी बदलत होतो. बॅटरी काढून खिशात ठेवलेली, शपथेवर सांगतो, खिशात. तरी रॅचेट फिरलं. दांडा उसळला आणि लोखंड नि दांड्याच्या मध्ये उजव्या हाताची दोन बोटं — फिरतच राहिलं. सावकाश. हाताने शेवटचा कस देतात ना, तसं.

ड्रायव्हरने वरून हाक मारली, "बापू, लागलं का?"

मी ओ दिली.

शनिवार, १५

बोटं दुखत नाहीत. दुखायला हवीत ना?

आज कामावर बसवूनच ठेवलं होतं. तरी संध्याकाळी आठ बोल्ट कसलेले. बाई म्हणाल्या, हात बसला बरं का तुमचा आता. कुणाचा ते नाही म्हणाल्या. पट्टी सोडून पाहिली — नखांत पिवळं —

रविवार

बायो, वही भरली नाही तरी आजच धाडतो, लवकर पत्र लिही. हातात पडताच लिही. मजकूर नको, पाकिटावर माझं नाव तेवढं मोठ्या अक्षरात घाल. इथे ते कुणी घेत नाही. मलाही — खाली सही करायला घेतली की उजवा हात उठून येतो आणि नावावरून रेघ —

तूच लिही. लवकर. माझं नाव आहे —