माया हिला घर, बंडूला काचा

मी, साधना जानराव वानखडे, वय ६९, अविवाहित, भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार राठीनगर, अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी आजच तपासलं. रागावर त्यांच्याकडे औषध नाही.

१. राठीनगरचं घर माझं स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते माझी भावजय माया हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा भाऊ बंडू, याचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही. तो तिला लग्नापासून मारतो. आतून कडी लावता येईल असं एक दार तिला हवं.

२. वायूचा रेणू भिंतीवर आपटतो तेव्हा काय होतं, एवढंच मी आयुष्यभर मोजलं. काही रेणू कॅरमच्या सोंगटीसारखे आले तसे उलटतात. बाकीचे क्षणभर भिंतीला चिकटतात, तिच्याशी उष्णतेची देवघेव करतात आणि वाट्टेल त्या दिशेला सुटतात. भिंत थंड असेल तर रेणू थंड होऊन जातो. आमची आई पार्वताबाई हेच सांगायची, "तू थंडी राह्य, तो आपोआप थंडा होईन." मी चाळीस वर्षं थंड भिंत झाले. पण रेणू थंड होतो तेव्हा भिंत तापते, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. आता बंडूचं नुसतं नाव निघालं तरी त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. हे असंच्या असं लिहावं.

३. मागच्या उन्हाळ्यात घरविक्रीच्या कागदावर मी सही केली नाही, म्हणून बंडूनं माझ्या प्रयोगाच्या काचेच्या हंडीवर पहार घातली. हंडीतली हवा मी पंपानं काढून घेतली होती. बाहेरची हवा आत घुसली, हंडीचा चुरा झाला आणि काचा उसळून त्याच्या डोळ्यात गेल्या. तोंडभर रक्त घेऊन तो ओरडला, "तुह्या हवेनं माहा डोया फोडला!"

"आतमंदी हवाच नव्हती, बंड्या," मी म्हटलं. "तू ज्या हवेत उभा होता, तिनंच फोडला."

रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेलं. डोळा गेला. काचा डब्यात भरून ठेवल्या आहेत. तो डबा त्याला द्यावा.

४. पंप शेजारच्या तनवीरला. फ्रिजदुरुस्तीत त्याला कामाला येईल.

५. माझ्या तिरडीला बंडूनं हात लावू नये. अग्नी माया देईल. मेल्यावर कसलं वैर, असं म्हणणाऱ्यांनी घरी बसावं.

६. मृत्युपत्राची कुणकुण लागताच परवा बंडू आला. मायाला ढकलून त्यानं माझा उजवा हात ओट्यावर दाबला आणि बत्त्यानं बोटं ठेचली. "आता लिह्य. पाहू कशी लिहितं ते." पोलिसांत तक्रार दिली आहे. म्हणून हे मी सांगितलं आणि तनवीरची बायको अनीसा हिनं लिहिलं. तिनं वाचून दाखवलं, बरोबर आहे.

साक्षीदार:
१. डॉ. किसनराव इंगोले, अमरावती (सही)
२. जमुना तायडे, तिवसा (सही)

अमरावती, ता. १४ नोव्हेंबर २०२४

डाव्या हाताचा अंगठा:
साधना जानराव वानखडे, एम.एस्सी., पीएच.डी.