आईच्या पेजेतलं मीठ

कल्याण, ३ ऑगस्ट १९५४

ती. श्रीपादमामांना सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सातवीची शरीरशास्त्राची परीक्षा आहे. पेशी, ऊती, इंद्रिये सगळं पाठ आहे, पण डोक्यात शिरेल तर शपथ! ठाण्याला एवढ्या मुलांना शिकवता, भाचीलाही शिकवा की. आईचे पाय सुजतात, ती सारखी निजून असते. बाबा म्हणतात, अशक्तपणा आहे, माहेरच्यांना उगाच काळजी नको. तेव्हा हे मी लिहिलेलं नाही.

लोभ असू द्या, ढ म्हणू नका.
तुमची सुहास

कोपरी, ठाणे, ५ ऑगस्ट

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, घोकंपट्टी सोड. कांदा चिरताना आतला पातळ पापुद्रा सोलून बघ, तो सगळा पेशींचाच. पेशी खाते, वाढते, मरते. सारख्या पेशी एका कामाला लागल्या की ऊती, आणि निरनिराळ्या ऊती मिळून हृदय, जठर अशी इंद्रिये. एक अडलं की बाकीची अडतात. रक्त खारट, घाम खारट, आसवंही खारट, कारण मिठाशिवाय पेशी जगत नाही. हे परीक्षेत लिही, बाई खूश होतील.

तू न लिहिलेलं मी वाचलेलं नाही. तुझ्या आईला, वासंतीला, गूळ-शेंगदाणे देत जा.
माया आहेच, मार्क कळव.
श्रीपादमामा

कल्याण, १८ ऑगस्ट

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

पैकीच्या पैकी मार्क! पण मामा, डॉक्टरांनी महिन्यापासून आईचं मीठ तोडलंय. अळणी पेज बघितली की ती तोंड फिरवते. तुमचं पत्र वाचून मला धडकीच भरली. पेशी मेल्या की ऊती, मग इंद्रिये, मग आई. म्हणून आठ दिवस मी पेजेत गुपचूप मीठ घालते. आता ती वाटी पुसून खाते. म्हणाली, सुहास, तुझ्या हाताला चव आली. सूज मात्र चेहऱ्यावरही आलीय. मीठ आणखी वाढवू का?

उत्तराची वाट बघते.
सुहास

कोपरी, २० ऑगस्ट

चि. सुहासिनीस आशीर्वाद.

मीठ या घटकेपासून बंद कर. मूत्रपिंडं थकली की मीठ बाहेर पडत नाही, अंगात पाणी धरून ठेवतं आणि सगळा भार हृदयावर येतो. माझंच चुकलं, मी अर्धंच शिकवलं. बाबांना सगळं सांग. शाळेचा शिपाई उत्तम हे पत्र घेऊन येतोय, पाठोपाठ मी पोचतोच.
मामा

कल्याण, ६ सप्टेंबर

रा. रा. श्रीपादराव यांस प्रभाकरचा सा. न. वि. वि.

वासंतीचे तेरावे उरकून आपण गेलात, तेव्हापासून सुहासिनी अळणी जेवते. मी रागावलो नाही. आजार आपल्यापासून मी लपवला, तिला बोलायला मला तोंड नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडे गेलीच होती, पण मीठ पोटात गेले नसते तर चार-सहा महिने निघाले असते. तिला हे सांगितलेले नाही. ती फक्त आपले ऐकते. काहीतरी लिहा.

कृपा असावी.
प्रभाकर

कोपरी, ८ सप्टेंबर

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

बाळ, मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं. त्या मिठाने काहीच फरक पडला नाही. तुझ्या हातचं खाऊन ती समाधानाने गेली. आता नीट जेव, माझी शपथ आहे.
मामा

कल्याण, ११ सप्टेंबर

ती. मामांना सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तमने आणलेलं पत्रही माझ्यापाशी आहे. त्यातलं खरं की यातलं, ते मी विचारणार नाही. तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत, ते कळलं.

माझी आमटी मी मीठ घालण्याआधीच बाजूला काढते. मीठ ताटात वाढून घेते. बाबा बघतात, त्यांना बरं वाटतं. ते उठले की ते मीठ मोरीत टाकते. तुम्ही मात्र त्यांना कळवा, की सुहास आता नीट जेवते.

तुमची,
सुहास