नव्या आवृत्तीतलं तिसरं गाणं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मीच आता तुमच्या तेव्हाच्या वयापुढे गेले आहे. हल्ली दोन खोल्या झाडल्या तरी दम लागतो. आज दुपारी आडवी पडले होते, तेव्हा तुम्ही जळगावला आमच्या दुकानात आला होतात तो दिवस आठवला, आणि वाटलं, हे एकदा लिहून मोकळं व्हावं.

धुळ्याला तुम्ही आम्हा सहा-सात मुलींना स्वयंपाकघरात गाणं शिकवायचात, कारण पुढच्या खोलीत तुमच्या सासूबाई झोपलेल्या असायच्या. पेटी पाटावर, शेजारी निवडायची मेथी. रेडिओवर ऐकून मी एक तान उचलली होती, तेव्हा तुम्ही पेटी थांबवून म्हणाला होतात, "ती त्यांची आहे. तुझी आधी शोध." मग एका उन्हाळ्यात तुम्ही मुंबईला गेलात. ज्यांची भावगीतं तेव्हा घरोघरी वाजायची, त्या गायकांनी धुळ्याच्या एका कार्यक्रमात तुम्हाला ऐकलं होतं आणि आपल्या लाँग प्ले रेकॉर्डमधल्या एका द्वंद्वगीतासाठी बोलावलं होतं. परत आल्यावर मेथी निवडता निवडता तुम्ही सांगत होतात, दोघांत मिळून एकच माइक, आवाज येतो म्हणून पंखा बंद, घाम डोळ्यांत उतरतोय आणि डोळे पुसायचे नाहीत. रेकॉर्ड आली. मागच्या बाजूला, तिसऱ्या गाण्याखाली, बारीक अक्षरात तुमचं नाव. तुम्ही ती कोणाला दाखवत नव्हतात. आल्यागेल्याला सासूबाईच दाखवायच्या.

पुढे माझं लग्न झालं. ह्यांचं जळगावला रेडिओ आणि रेकॉर्डचं दुकान. दुपारी हे जेवायला घरी गेले की मी बसायची. तुमचं पत्र आलं की रेकॉर्ड झिजली, सुई नेमकी तिसऱ्या गाण्यातच अडकते, नवी मिळाली तर ठेव. आम्ही मागवली. आली ती वेगळीच. कव्हरवर गायकांचा रंगीत फोटो, मोठ्या अक्षरात 'स्टीरिओ', आणि तिसऱ्या गाण्याखाली दुसऱ्याच कोणाचं नाव. मी ती लावली. चाल तीच, त्यांचा आवाज तोच, तुमच्या जागी एक तरुण मुलगी. कंपनीचा माणूस आला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, स्टीरिओसाठी सगळी गाणी नव्याने घेतली, मुंबईत जी हाताशी होती तिला बोलावलं. पुढे चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली, तिच्यातही तीच मुलगी. मी तुम्हाला लिहिलं की ती रेकॉर्ड आता मिळत नाही. तुम्ही तीनदा विचारलंत आणि तीनदा मी तेच लिहिलं.

आणि मग तुम्हीच येता. भाचीच्या लग्नाचं सोनं घ्यायला एसटीने जळगावला आलेल्या, दुकानात स्टुलावर बसून चहा पिताय. तेवढ्यात पाचोऱ्याकडचा एक शेतकरी येतो आणि नेमकी तीच रेकॉर्ड मागतो. मी म्हणते, संपली. तो फळीकडे बोट दाखवतो, "मंग ती काय शे, ताई?"

तुम्हीही वर पाहिलंत. "काढ ती," म्हणालात. चष्मा लावून मागची बाजू वाचलीत. बराच वेळ वाचत होतात, खरं तर वाचण्यासारखं एकच नाव होतं. मग म्हणालात, लाव. आपण तिघांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "गळा भलता गोड शे हिना," तो माणूस त्या मुलीच्या आवाजाबद्दल तुम्हालाच म्हणाला. तुम्ही म्हणालात, "हो. चांगली गाते." तो रेकॉर्ड घेऊन गेल्यावर तुम्ही विचारलंत, हे मला कधीपासून ठाऊक होतं. दीड वर्षापासून, मी सांगितलं. "आणि मी पत्रं लिहीत राहिले गं," एवढंच तुम्ही बोललात. रागावला असतात तर बरं झालं असतं. पिशवी उचलताना तुम्ही थांबलात. "आता तरी खरं सांग. कोणाचं बरं वाटतं तुला?"

"तुमचंच, बाई."

तुम्ही मान हलवलीत. स्टँडवर पोचवायला येते म्हटलं, तर नको म्हणालात.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्याला आले होते, तेव्हा तुमची शेवटची एक विद्यार्थिनी भेटली. ती म्हणाली, ते गाणं तुम्ही त्या सगळ्या मुलींना शिकवलंत, पण अंतऱ्यातली जागा नव्या रेकॉर्डमधल्या मुलीसारखी घ्यायला लावलीत, आणि कोणी विचारलं तर म्हणायचात, अशीच बरोबर आहे. मी ऐकून घेतलं आणि तिथून लवकर निघाले.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते धाडलं नसतं. तुमचं मन दुखेल म्हणून लपवलं, असं मी ह्यांना सांगितलं, पुढे मुलांनाही सांगितलं. पण ती रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा दुकानात मी एकटीच होते. गाणं संपल्यावर मी सुई उचलली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. नाव बघायला नाही, बाई. मला ते आवडलं होतं.